निम्मी थैली एका गड्यावर

मुंबईत 9 ऑक्टोबर 2023 रोजी प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव सुरू झाला, तेव्हा हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या अंतिम सामन्याचा धुरळा अजून खाली बसलेला नव्हता. दोनच दिवसांपूर्वी भारत आणि इराण तेथे एकमेकांना भिडले होते, नियमाच्या एका वादापायी सामना बराच वेळ खोळंबून राहिला होता, आणि अखेरीस 33-29 अशा गुणसंख्येने सुवर्णपदक भारताच्या पदरी पडले होते. त्या सामन्यात समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन गड्यांवर, म्हणजे भारताचा कर्णधार पवन सेहरावत आणि इराणचा महंमदरेझा शादलुई यांच्यावर, लिलावातील सर्वांत मोठ्या दोन बोली लागल्या, यात नवल काहीच नव्हते. कारण बाजारात भाव नेहमी कालच्या बातमीचा होतो, आणि माल मात्र उद्या वापरावयाचा असतो. शादलुईसाठी पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख रुपये मोजले. पवनसाठी तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले. एका संघाने सबंध हंगामासाठी खेळाडूंवर किती खर्च करावा याची मर्यादा त्या वर्षी 5 कोटी रुपयांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे टायटन्सने निम्म्याहून अधिक आणि पुण्याने निम्म्याहून किंचित कमी थैली एकेका गड्यावर रिती केली, असा त्याचा अर्थ होतो.

पुढे जे घडले ते कबड्डीच्या शौकिनांस ठाऊकच आहे. पुणेरी पलटणने साखळीतील 22 सामन्यांपैकी 17 जिंकून 96 गुणांसह पहिला क्रमांक पटकावला, आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सचा 28-25 असा पराभव करून प्रथमच विजेतेपद मिळविले. टायटन्सला त्याच 22 सामन्यांत अवघे दोन विजय लाभले आणि तो संघ तळाशी गेला. पवनने स्वतः काही उणे ठेवले होते असे नव्हे. त्याने त्या हंगामात दोनशेच्या आसपास चढाईगुण मिळविले. तथापि गुण एकाचे आणि पराभव सगळ्यांचे, अशी त्या संघाची गत झाली.

आमच्या पुंडलिकनगरात, जेथून गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल फारसे दूर नाही आणि जेथली पुष्कळ पोरे संध्याकाळी खांद्यावर पिशवी टाकून तिकडे निघालेली दिसतात, या निकालावर त्या दिवसांत बरीच वादावादी चाले. एक म्हणे, "काका, एवढे कोटी एका माणसावर ओतल्यावर दुसरे काय होणार?" आणि त्यावर दुसरा तत्काळ विचारी, "मग पलटणने नाही का ओतले?" हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अधिक मार्मिक आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे. महागड्या नामांकित खेळाडूसाठी उद्याची उमेद विकावी काय, किंवा उलट, उद्याच्या उमेदीसाठी आजचा नामांकित गडी हातचा सोडावा काय, या प्रश्नाचे उत्तर त्या गड्याच्या अंगी किती गुण आहेत एवढ्यावरून देता येत नाही. त्याला घेतल्यावर थैलीत काय उरते, उरलेल्या रकमेत उरलेले सहा गडी कसे मिळतात, आणि त्याच्या अंगातील बळ आणखी किती वर्षे टिकणार आहे, या तीन बाबींचा हिशेब मांडल्यावाचून ते उत्तर अपुरेच राहते.

पलटणचा जमाखर्च या दृष्टीने वाचनीय आहे. डिसेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या आठव्या हंगामात त्या संघाने अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे आमच्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या मुलखातील, अस्लम इनामदार या तरुणास आणि हरयाणातील मोहित गोयत यास मैदानात उतरविले; मोहित त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. नाशिककडचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नडराजन असे आणखी गडी त्यांच्या जोडीस होते. लीगच्या नियमांत नवोदित तरुणांना ठरलेल्या माफक वेतनावर काही हंगाम राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि या एका तरतुदीत सगळी मेख आहे. कारण ज्या गड्याची बाजारात किंमत अर्धा कोटी होईल, तो जर काही लाखांत तुमच्याकडे खेळत असेल, तर मधला फरक हा तुमचा अदृश्य नफा असतो, आणि अशा पाच-सहा नफ्यांची बेरीज करून जी रक्कम मोकळी होते, तीतूनच एखादा शादलुई घेता येतो. टायटन्सने पवनला घेतले तेव्हा त्यांच्यापाशी असा साठा नव्हता. किंमत दोघांनी जवळपास सारखीच दिली. परंतु एकाने ती शिलकीतून दिली आणि दुसऱ्याने मुद्दलातून.

हा विचार ज्या देशात शास्त्राच्या पदवीस पोहोचला, तो देश अमेरिका आणि तो खेळ तेथील फुटबॉल, ज्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. तेथे दर वर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने होते. मागील हंगामात जो संघ तळाशी राहिला त्याने सर्वप्रथम निवड करावयाची, विजेत्याने सर्वांत शेवटी, अशा सात फेऱ्या होतात, आणि 1936 पासून चालत आलेल्या या रिवाजाचा हेतू उघड आहे: दुबळ्यास हात द्यावा, म्हणजे स्पर्धेत रंग टिकतो. गंमत अशी की, निवडीचा हा हक्क संघास विकता येतो, गहाण टाकता येतो, पुढील वर्षाचा हक्क आज मोडता येतो. थोडक्यात, अजून ज्याचे नावही ठरलेले नाही अशा पोराच्या भवितव्यावर आजच रोखा लिहून देता येतो. तेथे 1994 पासून संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे आणि 2011 पासून नवोदितांचे वेतनही कोष्टकाने बांधलेले आहे. त्यामुळे निवडहक्क म्हणजे स्वस्तात मिळणाऱ्या तरुणाची हमी, आणि प्रौढ नामांकित म्हणजे थैलीवरचा भार, असे समीकरण तेथे फार ठळक झाले.

या व्यवहाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण 12 ऑक्टोबर 1989 चे आहे. डॅलस काउबॉइज हा संघ त्या वर्षी इतका डबघाईस आला होता की, हंगामाअखेर त्याच्या नावावर सोळा सामन्यांत एकच विजय जमा झाला. नवा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्यापाशी विकण्याजोगी एकच चीज होती, ती म्हणजे हर्शेल वॉकर हा चेंडू घेऊन धावणारा प्रख्यात खेळाडू. मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघास आपण विजेतेपदापासून केवळ एका गड्याने दूर आहोत असे वाटत होते, आणि या ‘केवळ एका’ शब्दांनी क्रीडाविश्वात जितके संघ बुडविले तितके दुखापतींनीही बुडविले नसतील. मिनेसोटाने वॉकरच्या बदल्यात पाच खेळाडू दिले आणि त्यांच्या जोडीला निवडहक्क दिले; त्यांपैकी बरेच हक्क सशर्त होते. त्या पाचांपैकी एखाद्यास डॅलसने ठरलेल्या मुदतीत सेवामुक्त केले, तर त्याच्या नावासमोर लिहिलेला हक्क डॅलसकडे जाणार होता. मिनेसोटाची समजूत अशी की, हे गडी बरे आहेत, डॅलस ते ठेवूनच घेईल. जॉन्सनला गडी नकोच होते. त्याचा डोळा प्रथमपासून कलमांवर होता. करारनाम्यातील मुख्य मजकूर एकाने वाचला आणि तळटीप दुसऱ्याने वाचली, एवढाच काय तो फरक. त्या हक्कांच्या उलाढालीतून डॅलसने 1990 साली सतरावी निवड साधून एमिट स्मिथला घेतले, पुढे आणखी काही तरुण मिळविले, आणि 1992, 1993 व 1995 या हंगामांची विजेतेपदे जिंकली. वॉकर मिनेसोटाकडे तीन हंगाम खेळला. त्या अवधीत तो संघ अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला नाही.

याच डॅलसच्या कचेरीत पुढे, 1990 नंतरच्या एक-दोन वर्षांत, प्रत्येक निवडहक्काला गुण देणारे एक कोष्टक तयार झाले. पहिल्या निवडीस 3000, दुसरीस 2600, तिसरीस 2200 असे उतरत उतरत पहिल्या फेरीच्या शेवटच्या, बत्तिसाव्या स्थानाला अवघे 590 गुण. हे कोष्टक हळूहळू इतर संघांच्याही हाती गेले आणि अदलाबदलीच्या वाटाघाटीत ते सरकारी दरपत्रकासारखे वापरले जाऊ लागले. परंतु दरपत्रक सर्वांनी मान्य केले म्हणून ते खरे ठरत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघा अभ्यासकांनी (पैकी थेलर यांना पुढे 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले) निवडलेल्या खेळाडूंची पुढील कामगिरी आणि त्यांच्यावर झालेला खर्च यांचा ताळा घेऊन 2013 साली असे दाखवून दिले की, सर्वांत वरच्या निवडींना संघ वाजवीपेक्षा फार अधिक किंमत देतात. वेतन वजा जाता जो निव्वळ लाभ उरतो तो पहिल्या निवडीपाशी नव्हे, तर दुसऱ्या फेरीच्या आरंभाच्या आसपास सर्वाधिक असतो. तळाच्या संघाला मदत म्हणून दिलेला पहिला हक्क त्यामुळे वस्तुतः त्याच्या गळ्यातील लोढणे ठरतो. त्यांनी या प्रकारास पराभूताचा शाप असेच म्हटले आहे. दुसरा निष्कर्ष तर सावकारीच्या वहीत शोभावा असा आहे. आजचा एक हक्क मिळविण्यासाठी संघ पुढील वर्षीचा त्याहून कितीतरी मोठा हक्क देऊन टाकतात, आणि त्या देवघेवीतून निघणारा व्याजाचा दर वर्षाला शंभर टक्क्यांहूनही अधिक पडतो. प्रशिक्षकाची नोकरी या हंगामाच्या निकालावर अवलंबून असते. पुढील वर्षाचे कर्ज फेडावयास बहुधा त्याच्या जागी कोणी दुसराच बसलेला असतो, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे हा दर कोणी का मान्य करतो याचा उलगडा होतो.

निवडहक्काचे स्वरूप समजून घेण्यास पुंडलिकनगरसारख्या, एकेक मजला चढवीत वाढलेल्या वस्तीतील माणसाला फार सायास पडू नयेत. तयार घर घेणाऱ्याला दारे-खिडक्या, नळाची धार, गच्चीची गळती, सारे डोळ्यांनी पाहता येते. पण त्याच्या किमतीत मागील मालकाचा सगळा खर्च आणि वर नफा मिळविलेला असतो, आणि घराचे वय त्याच दिवसापासून आणखी वाढू लागते. मोकळा प्लॉट घेणाऱ्याच्या हाती कागद आणि चार खुणेचे दगड येतात. रस्ता होईल की नाही, पाणी येईल की नाही, कागदच खरा की खोटा, हे सारे पुढे कळावयाचे. चार प्लॉटांपैकी एक फळाला आला तरी तोटा भरून निघतो, परंतु पावसाळा तोंडावर आला असता बायकामुलांना प्लॉटवर नेऊन ठेवता येत नाही. या दोन खरेद्यांत शहाणी कोणती, असे कोणी विचारले तर त्याला आधी एवढेच विचारावे लागते: आज राहता कोठे?

संघांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न निर्णायक ठरतो, आणि म्हणूनच तरुणांचे हक्क साठवीत राहणे हे सदैव शहाणपण आहे असे मानणाऱ्यांशी माझे जमत नाही. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने 2021 च्या आरंभी डेट्रॉइटकडून मॅथ्यू स्टॅफर्ड या तेहतिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या प्रमुख खेळाडूस आणले, आणि त्याच्या बदल्यात आपला तरुण जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीचे दोन हक्क व तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. हिशेबनिसांनी नाके मुरडली. वर्षभरात, फेब्रुवारी 2022 मध्ये, रॅम्सने 23-20 अशा गुणांनी विजेतेपद जिंकले. त्यांची बचावफळी सज्ज होती, चेंडू झेलणारे तयार होते, उणीव होती ती एका अनुभवी हाताची. अशा वेळी पुढील वर्षांचे हक्क जपून ठेवणे म्हणजे पिकल्या शेताला कुंपण घालून कापणी लांबणीवर टाकणे झाले असते. त्याची किंमत त्यांनी पुढल्याच हंगामात सतरापैकी बारा सामने हरून मोजली, हेही खरे. आणि डेट्रॉइट? तो संघ त्याच गॉफच्या नेतृत्वाखाली जानेवारी 2024 मध्ये अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे जाऊन पोहोचला. अदलाबदलीत एकाने फसविलेच पाहिजे आणि दुसऱ्याने फसलेच पाहिजे असा समज लोकांत रूढ आहे, तो साफ चुकीचा आहे. दोन पक्षांची घडी वेगळी असली तर एकाच सौद्यात दोघांचेही भले होते.

आता वयाचा मुद्दा. ‘अनुभवी खेळाडू’ असे आपण सरसकट म्हणतो, परंतु शरीराचे कोणते अवयव कोणत्या कामास लागतात यावर त्या अनुभवाची किंमत ठरते, आणि कबड्डीत हे जितके स्पष्ट दिसते तितके अन्य खेळांत क्वचितच दिसत असेल. चढाई करणाऱ्याचे सारे वैभव पायांत असते. तीस सेकंदांच्या दमात सात जणांच्या कडीसमोर जाऊन, उडी मारून, गिरकी घेऊन, अंग खेचून मध्यरेषा गाठावयाची. गुडघा आणि घोटा यांवर त्याचा प्रपंच. प्रदीप नरवाल हे नाव घेतले म्हणजे पुरे आहे. लीगमध्ये सर्वाधिक, अठराशेवर चढाईगुण मिळविणाऱ्या या खेळाडूस 2021 च्या लिलावात यूपी योद्धाने 1 कोटी 65 लाख रुपये दिले. 2024 मध्ये बेंगळुरू बुल्सने त्याला 70 लाखांत घेतले. आणि 2025 च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही, तेव्हा त्याने निवृत्ती पत्करली. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस होते. आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईची कहाणी याहून तोकडी. 2018 साली यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांत घेतले, त्याने पहिल्याच हंगामात 218 चढाईगुण केले, लगेच तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजून त्याला उचलले. तेथेही त्याने पहिल्या वर्षी गुणांचा पाऊस पाडला, पण संघ वर आला नाही, आणि आठव्या हंगामात काही सामन्यांतच तो जायबंदी झाला. यू मुंबाने जो भाव दिला तो होऊ घातलेल्या खेळाडूचा होता. टायटन्सने दिला तो होऊन गेलेल्या हंगामाचा.

याउलट कोपऱ्यात उभा राहून पकड करणाऱ्याचे भांडवल डोळ्यांत आणि मनगटात असते. चढाईपटूचा कोणता पाय आधी उचलला जातो, दम कोठे संपत आला आहे, तिसऱ्या चढाईला म्हणजे गुण मिळवावाच लागतो अशा निकराच्या वेळी तो कोणत्या बाजूस झुकतो, हे ओळखण्याचे कसब वर्षांगणिक वाढत जाते. इराणचा फझल अत्राचली हा डाव्या कोपऱ्याचा गडी 2018 मध्ये लीगचा पहिला कोट्यधीश ठरला. 2022 मध्ये पुणेरी पलटणने त्याला 1 कोटी 38 लाखांत घेऊन कर्णधार केले. त्याने त्या पोरसवदा संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, जेथे जयपूरने त्यांना 33-29 असे हरविले. पलटणने मग त्याला मोकळे केले, त्याच जागेसाठी वयाने बराच लहान असा शादलुई घेतला, कर्णधारपद अस्लमकडे दिले, आणि पुढील वर्षी ढाल जिंकली. एवढ्यावर कथा संपती तर तरुणांचा जयजयकार करून आपण मोकळे झालो असतो. परंतु 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीत बाराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला तेव्हा पुण्याच्या पोरांसमोर दबंग दिल्लीच्या कोपऱ्यात तेहतीस वर्षांचा फझल उभा होता, पूर्वीच्या भावाच्या अल्पांशात घेतलेला. सामना 31-28 असा दिल्लीने जिंकला, आणि अखेरच्या मिनिटांत पुण्याची चढाई मोडून काढणारी पकड त्याचीच होती. म्हातारा गडी महाग असतो हे ज्याने गृहीत धरले त्याला येथे ठेच लागते. वय आणि किंमत या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि खरा सौदा बहुधा त्यांच्यातील तफावतीत दडलेला असतो.

महागड्या खेळाडूची आणखी एक गोम आहे. सबंध बेत त्याच्यावर उभारलेला असला म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे काम सोपे होते. कबड्डीत बाद झालेला गडी जोवर त्याच्या साथीदाराने गुण मिळवून त्याला परत आणला नाही तोवर बाकावर बसतो. म्हणून टायटन्ससमोरच्या संघाला सात जणांशी झुंजण्याचे कारणच नसे, पवनला एकदा पकडावे आणि मग इतरांकडून त्याची सुटका होऊ देऊ नये, एवढ्यावर भागे. मैदानावर 40 मिनिटांपैकी किती मिनिटे हा अडीच कोटींचा ऐवज बाकावर पडून राहिला, याचा हिशेब त्या संघाच्या मालकांनी मांडला असेल तर तो सुखद खचित नसेल. आणि दुखापतीचे संकट तर सर्वांवर सारखेच. आदल्या, म्हणजे 2022 च्या हंगामात तमिळ थलैवाजने याच पवनवर 4 कोटी 40 लाखांच्या थैलीतून 2 कोटी 26 लाख 50 हजार खर्च केले होते. बंगळुरूत गुजरातविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, प्रतिस्पर्ध्यास पकडण्याच्या प्रयत्नात, त्याचा गुडघा दुखावला आणि सबंध हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. निम्मी थैली एका क्षणात निकामी झाली. पण त्या संघाने आणलेला नरेंदर कंडोला नावाचा नवोदित चढाईपटू त्या रिकाम्या जागी उभा राहिला आणि 243 चढाईगुण करून गेला. थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले आणि तेथे पुणेरी पलटणकडून अवघ्या दोन गुणांनी, 39-37, पराभूत झाले. नरेंदर कोणाच्या दूरदृष्टीने आला होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तरुणांची निवड हा बव्हंशी अंदाजाचा प्रांत आहे. म्हणूनच एकावर भिस्त ठेवण्यापेक्षा पाच जण घेऊन ठेवावेत आणि त्यांतून जो उगवेल तो आपला म्हणावा, यात अधिक सुरक्षितता आहे.

शादलुईचेच पुढे काय झाले, हेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. पलटणने त्याला दहाव्या हंगामानंतर सोडले, हरयाणा स्टीलर्सने 2 कोटी 7 लाखांत घेतले, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात हरयाणाने पाटणा पायरेट्सला 32-23 असे हरवून ढाल उचलली. पलटण त्या हंगामात बाद फेरीतही नव्हती. पुढील वर्षी गुजरातने त्याच्यासाठी 2 कोटी 23 लाख मोजले आणि गुजरातलाही बाद फेरी गाठता आली नाही. गडी तोच, भावही जवळपास तोच, फळ मात्र दोन ठिकाणी विजेतेपदाचे आणि तिसऱ्या ठिकाणी निराळे. पुणे आणि हरयाणा येथे तो जुळून आलेल्या फळीत शेवटचा दुवा म्हणून गेला.

अन्य खेळांकडे ओझरते पाहावयाचे तर क्रिकेटच्या आयपीएलमध्ये 2009 साली, दुसऱ्याच हंगामापूर्वी, श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळुरूस गेला: तिशीतला वेगवान गोलंदाज एकीकडे, तेविशीतला फलंदाज दुसरीकडे. खऱ्या अर्थाने पायाने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्येही आपल्याकडे ड्राफ्ट झाला. इंडियन सुपर लीगसाठी 23 जुलै 2017 रोजी मुंबईत तो भरला होता, नव्याने आलेल्या जमशेदपूरने पहिली निवड म्हणून अनस एडाथोडिका या बचावपटूस घेतले, आणि त्याचे मोल 1 कोटी 10 लाख होते. पुढे ती प्रथा मागे पडली, आणि अमेरिकेसारखी हक्कांची बाजारपेठ काही आपल्याकडे वाढली नाही.

लिलावाच्या आधीच्या काळात मुंबईच्या कबड्डीत हा प्रश्न निराळ्या वेषात येत असे. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे, बँका यांचे संघ मंडळांतील गडी हेरून त्यांना नोकरी देत. गड्याचा भाव म्हणजे त्याची वेतनश्रेणी, आणि मुदत म्हणजे निवृत्तीचे वय. पंचविसाव्या वर्षी चढाया करणारा पस्तिसाव्या वर्षी कचेरीत टेबलाशी बसे आणि कोणी त्याची किंमत पडली असे म्हणत नसे, कारण त्याची ढासळलेली वर्षे आस्थापना आपल्या खर्चात मुकाट्याने सोसत असे. लिलावाने खेळाडूला पूर्वी स्वप्नातही नव्हता असा पैसा दिला हे मान्यच आहे. त्याबरोबर उतरत्या वर्षांचा भार मात्र पुन्हा त्याच्याच खांद्यावर टाकला.

या सगळ्या जमाखर्चात एक खाते कोणी उघडलेलेच नाही. ज्या मंडळाने बाराव्या-तेराव्या वर्षी पोराला मातीत उतरविले, लंगडी-उड्या करून घेतल्या, पकडीसाठी हात कोठे घालावा हे शिकविले, त्याचे नाव लिलावाच्या कागदावर येत नाही. जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत याविषयी स्पष्ट तरतूद आहे: खेळाडूच्या हस्तांतरणाची रक्कम दिली जाते तेव्हा तीतील 5 टक्के भाग, वयाच्या 12 ते 23 वर्षांच्या दरम्यान ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकविले त्यांत वर्षांच्या प्रमाणात वाटला जातो. कबड्डीच्या लिलावाचा पैसा खेळाडूचे वेतन असतो, हस्तांतरणाची रक्कम नव्हे. यास्तव त्यातून कापून घेणे गैर होईल, पण संघमालकांनी बोलीच्या वर तेवढीच रक्कम वेगळी भरावी अशी तजवीज करण्यास कायद्याची अडचण दिसत नाही. पवनच्या 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर 5 टक्क्यांनी 13 लाखांहून थोडे अधिक होतात. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटण्याने जे 12 लाख 80 हजार रुपये दिले होते, त्याहून ही रक्कम काही हजारांनी मोठीच भरते.